घोड्याची जात टिकते ती नोंदवहीत

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी घोडी बघायला गेलेला नागपूरकर आधी कान पाहतो. आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारे कान दिसले की त्याचं अर्धं समाधान होतं. मग उंची इंचांत मोजायची, धक्का न देणारी रवाल चाल बघायची, गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे का ते बोटांनी चाचपायचं. हे सगळं योग्यच आहे. पण मारवाडी आणि शर्यतीचा थरोब्रेड यांच्या संकरातून झालेल्या शिंगरालाही असे कान येऊ शकतात, आणि उंचीही थोडी जास्त मिळते. बाजारात आज भाव उंचीला आहे, त्यामुळे असा संकर करण्याचा मोह मोठा. घोडीचा बाप कोण हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. ते सांगते जातीच्या संघटनेची वंश-नोंदवही, म्हणजे स्टड बुक.

भारतात थरोब्रेडची अशी वही पुण्यातून पूर्वीपासून चालते. मारवाडीची अधिकृत नोंदणी मात्र 2009 मध्ये सुरू झाली. म्हणजे शतकानुशतकं जुन्या जातीची वही घोड्यांच्या जेमतेम दोन पिढ्यांची आहे. त्यातच घोडेही कमी होत गेले. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टं होती, 2019 मध्ये ती सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली. घट 45 टक्क्यांहून जास्त.

या वहीतली एक नोंद कशी होते ते जवळून पाहू. शिंगरू पाच-सहा महिन्यांचं होऊन आईपासून तुटायच्या आत नोंदणी झाली पाहिजे. आई शेजारी उभी असते, तेव्हा निदान आईबद्दल वाद राहत नाही. आधी तारखा जुळवायच्या. घोडी साधारण 340 दिवस गाभण असते आणि 320 ते 365 दिवसांपर्यंतचा काळ नेहमीचा धरतात. घोडीला घोडा लावल्याची तारीख आणि जन्मतारीख यांत 290 दिवसांचंच अंतर निघालं, तर धडधाकट शिंगराच्या कागदात काहीतरी चुकलेलं आहे. मग आकृतिपत्र भरायचं. त्यावर अंगावरच्या पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतात. शुभाशुभासाठी मोजले जाणारे भोवरे इथे ओळखीचा पुरावा म्हणून कामी येतात, कारण ते जन्मभर जागा बदलत नाहीत.

त्यानंतर ओळख-क्रमांकाची चिप. ती 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी असते. मानेच्या डाव्या बाजूला, डोक्याचा माथा आणि खांद्यावरचा उंचवटा यांच्या मधोमध, आयाळीच्या रेषेच्या थोडं खाली असलेल्या जाड बंधात ती सुईने बसवतात. सुई उथळ गेली किंवा स्नायूत शिरली तर चिप सरकते आणि पुढे ती वाचणाऱ्या यंत्राला सापडत नाही. म्हणून बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा यंत्र फिरवायचं. आधी फिरवण्याचं कारण असं की एकाच घोड्यात दोन चिपा निघाल्या तर त्याचे दोन कागद होतात, आणि दोन कागदांचा घोडा दोनदा विकला जाऊ शकतो. नागपूरच्या पालकाने हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावं. सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या शहरात तसा माणूस मिळणं अवघड नाही.

शेवटी केस. आयाळीचे किंवा शेपटीचे 20-30 केस मुळासकट उपटायचे. कात्रीने कापलेला केस या चाचणीला चालत नाही, कारण डीएनए मिळतो तो मुळाशी असलेल्या पांढुरक्या गाठीतून. शिंगराचे केस बारीक असतात, म्हणून त्याचे जास्त घ्यायचे. हात आधी स्वच्छ करायचे आणि शिंगराच्या अंगाला चिकटलेले आईचे केस झटकून टाकायचे. दोघांचे केस मिसळले तर नमुना फुकट जातो. केस कागदी पाकिटात ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो.

प्रयोगशाळा या केसांतल्या डीएनएवरच्या ठरलेल्या जागा तपासते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूळ संच 12 जागांचा आहे. प्रत्येक जागी शिंगराला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. समजा एका जागी आईच्या दोन प्रतींचे क्रमांक 12/15 आहेत, शिंगरू 15/18 आहे आणि कागदावरचा बाप 14/16. 15 आईकडून आला, मग 18 कुठून आला? एकाच जागची तफावत उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलाने, होऊ शकते. दोन-तीन जागी तेच दिसलं तर तो बाप नव्हे. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आता देशी घोड्यांसाठी सहा लाखांहून अधिक जागा एका वेळी वाचणारी, प्रयोगशाळेत वापरायची वेगळी डीएनए-चिप तयार केली आहे. तिच्यामुळे बापाच्या पुढे जाऊन घोड्यात परक्या रक्ताचा अंश किती आणि रक्ताची जवळीक किती हेही मोजता येईल.

ही जवळीकच आमच्या मते प्रत्येक जाती-संघटनेची सर्वांत अवघड परीक्षा आहे. नोंदणीचे आकडे वाढले की सभासद खूश होतात, पण खरा आकडा वेगळा असतो. तो काढायचं सूत्र सोपं आहे: नरांच्या आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करा, त्याला चाराने गुणा आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागा. 300 घोड्या आणि पैदाशीचे 5 घोडे असतील तर उत्तर येतं सुमारे 20. गोठ्यात 305 जनावरं, पण जनुकांच्या हिशेबात जेमतेम 20! तेवढ्याच माद्यांना 20 नर वापरले तर उत्तर 75 येतं. पहिल्या स्थितीत दर पिढीला सगोत्रता, म्हणजे रक्ताची जवळीक, अडीच टक्क्यांनी वाढते, दुसरीत पाऊण टक्क्याहूनही कमी. ही संख्या 50 च्या खाली जाऊ देऊ नये, असा संकेत आहे. यात्रेत जिंकलेल्या एकाच घोड्याकडे सगळ्यांनी घोड्या नेल्या की जात नकळत अरुंद होते. मग घोड्या फिरू लागतात, म्हणजे गाभण राहत नाहीत, आणि लपून राहिलेले दोष वर येतात.

नेदरलँड्सच्या फ्रिजियन जातीत 1913 च्या सुमारास पैदाशीचे तीनच घोडे उरले होते. त्या अरुंद दारातून आलेल्या जातीत आज डोक्यात पाणी साठण्याचा आणि बुटकेपणाचा असे दोन आनुवंशिक विकार आहेत. दोष वाहणारे नर-मादी एकत्र आले तर दर शिंगराला तो होण्याची शक्यता चारांत एक. तिथे आता वाहक ओळखायची चाचणी आहे. वाहकाला पैदाशीतून काढून टाकत नाहीत, त्याची गाठ निर्दोष जोडीदाराशी घालतात. सगळे वाहक काढले तर जात आणखी अरुंद होईल.

मग संघटनेने एका घोड्याकडे वर्षाला किती घोड्या न्यायच्या याची मर्यादा घालावी, हे उघड वाटतं. अमेरिकेतल्या थरोब्रेडच्या जॉकी क्लबने 2020 मध्ये 140 माद्यांची मर्यादा घातली. मोठ्या पैदासकारांनी कोर्टात धाव घेतली आणि 2022 मध्ये नियम मागे घ्यावा लागला. नियम वहीत लिहिणं सोपं, ज्यांची मिळकत त्या घोड्यावर आहे त्यांच्या गळी उतरवणं कठीण. आपल्याकडे कृत्रिम रेतन आणि भ्रूण प्रत्यारोपण वाढेल तसा हा प्रश्न येणारच. 2023 मध्ये बिकानेरला मारवाडी जातीत भ्रूण प्रत्यारोपणाने 'राज-प्रथमा' जन्मली. भ्रूण साधारण साडेसातव्या दिवशी धुऊन काढून दुसऱ्या घोडीत सोडतात, त्यामुळे चांगल्या घोडीला वर्षात एकाहून जास्त शिंगरं मिळू शकतात. दुर्मीळ वंशाची घोडी वाचवायला हे वरदान आहे. पण ते लोकप्रिय घोडीपुरतंच राहिलं, तर आधीच मोजके असलेले वंश आणखी कमी होतील.

बाजाराची आवडही जात वाकवते. नागपुरात लग्नाच्या वरातीला पांढरी घोडी हवी असते, म्हणून नुकऱ्याला, म्हणजे जन्मतः पांढऱ्या घोड्याला, भाव. पण सब्जा घोडा जन्मतः गडद असतो आणि वयानुसार पांढरा होतो, त्याची कातडी काळीच राहते. नुकऱ्याची कातडी मुळातच गुलाबी. नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा पाहिल्या की फरक लगेच कळतो. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो तेव्हा हीच गुलाबी कातडी भाजते, पापणीच्या कडांना जखमा होतात आणि पुढे तिथे कर्करोगही होऊ शकतो. अशी घोडी दुपारी सावलीत बांधावी, नाकावर झिंक ऑक्साइडचं मलम लावावं, डोळ्यांवर जाळी घालावी. मारवाडीच्या वहीत असे पांढरे घोडे सहसा घेत नाहीत, ते योग्य आहे.

आपल्या राज्यापुरता सर्वांत नवा प्रश्न भीमथडीचा. देशाच्या नोंदणीकृत घोडाजातींत ती अलीकडेच आली आणि यादी आठवर गेली. तिच्या पैदासकारांकडे पागा नाहीत. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातल्या धनगरांच्या वाड्यांतली ही तट्टं बिऱ्हाड वाहतात. जुना कागद कुणाकडेच नाही, त्यामुळे इथे वही उघडी ठेवावी लागते: ठरलेल्या मापांत आणि लक्षणांत बसणारं तट्टू पाहणीवरून मूळ जनावर म्हणून घ्यायचं आणि पुढची पिढी डीएनएने जोडायची. वही घाईने बंद केली तर गावोगावचे उरलेले वंश बाहेरच राहतील. धनगर दिवाळीनंतर कळपांसह बाहेर पडतात आणि पावसाळ्याला गावी परततात. म्हणजे नोंदणीचं पथक जून-जुलैत वाड्यांवर पोचायला हवं, नेमकं तेव्हा आयाळ भिजलेली असते. ओले केस पाकिटात कोंबायचे नाहीत. कोऱ्या कागदावर प्रत्येक तट्टाचे वेगळे पसरायचे, शेजारी त्याचा चिप नंबर लिहायचा, रात्रभर घरात सुकू द्यायचे आणि सकाळी पाकीट बंद करायचं.