मोटारप्रतिकृतींचा संग्रह

मोटारप्रतिकृतींचा संग्रह : खऱ्या मोटारींच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती जमवणे, त्यांची ओळख पटवून नोंद ठेवणे आणि त्या जतन करणे, असा हा छंद आहे. त्याची सुरुवात बहुधा लहानपणीच्या खेळण्यांतून होते आणि अनेकांच्या बाबतीत तो जन्मभर टिकतो. प्रारंभी हाती येईल ती गाडी ठेवून घेतली जाते; वर्षे सरतात तशी निवड कठोर होत जाते आणि संग्राहक एखादा उत्पादक, एखादे प्रमाण, एखादे दशक किंवा केवळ बस, रॅली-मोटारी यांसारखा एकच वर्ग धरून बसतो. संख्येचे विक्रमही आहेत. लेबनॉनचे नबील करम यांच्या ३७,७७७ प्रतिकृतींची नोंद २०१६ मध्ये गिनीजने केली. मात्र नीट ओळख पटलेल्या शंभर गाड्यांचा संग्रह अभ्यासाच्या दृष्टीने नोंदी नसलेल्या हजारो गाड्यांपेक्षा मोलाचा ठरतो.

सर्वांत रुळलेले १:४३ हे प्रमाण खेळण्यातील रेल्वेकडून आले आहे. ब्रिटनमधील ‘ओ’ गेज (रुळांमधील अंतराचे एक ठरावीक माप) रेल्वेत एक फूट लांबी ७ मिमी.ने दाखवली जाई, म्हणजे प्रमाण सुमारे १:४३ होई. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने अशा रेल्वेशेजारी मांडण्यासाठी काढलेल्या छोट्या मोटारींना १९३४ मध्ये ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. या प्रमाणात ४.३ मी. लांबीची मोटार १० सेंमी.ची होते, तर १:१८ मध्ये तीच सुमारे २४ सेंमी. भरते. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ पासून काढलेल्या ‘मॅचबॉक्स’ मालिकेत मात्र प्रमाणापेक्षा खोक्याचे माप महत्त्वाचे होते. कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे. तिच्यासाठी त्यांनी पितळेचा छोटा रोडरोलर घडवला आणि त्यातून ही कल्पना पुढे आली. त्यामुळे या मालिकेतील बस आणि मोटार शेजारी ठेवल्या, तर त्यांची मापे एकमेकींशी जुळत नाहीत. एकाच प्रमाणाचा आग्रह धरणारे संग्राहक म्हणूनच ही मालिका वेगळ्या फळीवर मांडतात.

१९५६ मध्ये ‘कॉर्गी टॉइज’ने खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक बसवले आणि तेथून तपशिलांची चढाओढ सुरू झाली. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये बारीक आसांवर वेगाने धावणाऱ्या सोळा ‘हॉट व्हील्स’ बाजारात आणल्या, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनाही चाके बदलावी लागली. मॅचबॉक्सच्या काही साच्यांतून निघालेल्या गाड्या त्यामुळे दोन्ही प्रकारच्या चाकांसह आढळतात आणि असे स्थित्यंतराचे नमुने विशेष आवडीने शोधले जातात. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, १९८२ मध्ये लेस्नीचे दिवाळे निघाले आणि पुढच्याच वर्षी कॉर्गीची मातृसंस्था मेटॉय कोसळली. १९९० नंतर मिनिचॅम्प्स, ऑटोआर्ट यांसारख्या उत्पादकांनी थेट प्रौढ संग्राहकांसाठी प्रतिकृती घडवल्या. त्या खेळण्यासाठी नव्हत्याच.

जुन्या गाडीची पारख ती उलटी करूनच होते. तळपत्र्यावर उत्पादकाचे नाव, देश आणि बहुधा क्रमांक ओतीव अक्षरांत असतो. पण त्याहून बोलके असतात ते सांगाडा आणि तळपत्रा जोडणारे रिव्हेट. मूळ रिव्हेटचे डोके कारखान्यात दाबून पसरलेले, अखंड असते. त्यावर ड्रिलचा खड्डा, स्क्रू किंवा गोंदाचा थर दिसला, तर गाडी उघडली गेली आहे, आणि कदाचित रंग किंवा चाके बदलली आहेत, असे समजावे. नव्याने रंगवलेली चकचकीत गाडी पाहायला सुखद असली, तरी कडांचा रंग उडालेली, मुलांच्या हातांत झिजलेली मूळ गाडी हाच अधिक विश्वसनीय पुरावा होय. दुरुस्ती करण्यास हरकत नाही. ती लपवणे मात्र गैर आहे. मूळ खोके असल्यास किंमत पुष्कळ वाढते, म्हणून नक्कल केलेली खोकीही बारकाईने तपासावी लागतात.

या प्रतिकृती मुख्यतः जस्ताच्या मिश्रधातूत दाबाने ओततात. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. ओताईच्या वेळी शिशासारख्या धातूचा अल्प अंश जरी मिसळला, तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून क्षरण सुरू होते. प्रथम रंगावर केसासारख्या भेगा दिसतात, मग भाग फुगतो, वाकतो आणि अखेरीस बोटांत चुरा होतो. महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्या अशा नष्ट झाल्या आहेत. हा दोष एका गाडीतून दुसरीत पसरत नाही, पण त्यावर उपायही नाही. दमट हवा आणि उष्णता त्याला वेग देतात, म्हणून कोरडी व समतोल तापमानाची जागा एवढाच बचाव उरतो. रंग आणि खोकी उन्हाने फिकटतात. मऊ टायरमधील द्रव्य झिरपून खालच्या प्लॅस्टिकला चिकटते व खड्डे पाडते. त्यासाठी गाडी चाकांवर न ठेवता तळाला आधार देऊन ठेवतात. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. पाण्याने धुतल्यास चिकटचित्रे सुटतात आणि सांध्यांत ओल राहते.

दीर्घकाळ जमवलेल्या संग्रहाचे भवितव्य बहुधा नोंदवहीवर ठरते. गाडी केव्हा व कोठून मिळाली, तिचे कोणते भाग बदलले आहेत आणि कोणते खोके तिचे स्वतःचे आहे, ही माहिती एकट्या संग्राहकाच्या स्मरणात असते. ती लिहून ठेवली नाही, तर वारसांच्या हातून दुर्मीळ नमुने सामान्य खेळण्यांबरोबर एकगठ्ठा विकले जातात आणि वर्षानुवर्षे जुळवलेल्या मालिका फुटतात. जाणते संग्राहक म्हणूनच प्रत्येक गाडीचे वरून व तळाकडून छायाचित्र काढून तोच क्रमांक वहीत आणि खोक्याजवळच्या चिठ्ठीवर घालतात. तळपत्र्यावर मात्र काहीही लिहीत नाहीत.