चेंडू तोच, हे ठरवायचे कसे?

मदर तेरेसा यांचा बेसबॉलशी काही संबंध होता असे कोणी ऐकलेले नाही. तरीही त्यांची स्वाक्षरी असलेले बेसबॉलचे चेंडू एके काळी अमेरिकेच्या बाजारात होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआय या तपास यंत्रणेने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने बनावट स्वाक्षऱ्यांच्या धंद्यावर कारवाई केली, तेव्हा जप्त मुद्देमालात हे चेंडूही निघाले. या तपासाचे केंद्र कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे होते, आणि तेथील पाद्रेस संघाचा विख्यात फलंदाज टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या स्वाक्षऱ्या विक्रीला ठेवलेल्या आढळल्या होत्या. खेळाडूंच्या वस्तू जमवणाऱ्यांचा विश्वास उडू लागल्यावर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक स्पर्धेच्या संस्थेने २००१ मध्ये अशा वस्तूंच्या खरेपणाची खातरी देणारी स्वतःची व्यवस्था उभी केली.

स्वाक्षरीच्या बाबतीत निदान एक सोय असते. खात्रीच्या दहा स्वाक्षऱ्या शेजारी ठेवून अकराव्या स्वाक्षरीची वळणे, दाब आणि वेग ताडून पाहता येतात. परंतु ‘अमुक सामन्यात अमुक फलंदाजाने मारलेला चेंडू तो हाच’ असा दावा असेल, तर तुलना करायची कशाशी? अशा चेंडूवर कोणाचे हस्ताक्षर नसते. शोहेई ओतानीने १९ सप्टेंबर २०२४ रोजी मायामी येथे हंगामातील आपला पन्नासावा होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे धाडला, आणि एकाच हंगामात पन्नास होमरन व पन्नास चोरलेले बेस (म्हणजे फटक्याविना, प्रतिस्पर्ध्याला चकवून धावत गाठलेले पुढचे टप्पे) अशी कामगिरी करणारा तो पहिला खेळाडू ठरला. तो चेंडू पुढच्याच महिन्यात लिलावात ४३ लाख ९२ हजार डॉलरांना गेला. त्याच कारखान्यातून निघालेला, त्याच वजनाचा, त्याच कातड्याचा नवा कोरा चेंडू दुकानात काही मोजक्या डॉलरांत मिळतो. एवढी तफावत ज्या वस्तूत आहे, तिच्यात पदार्थ म्हणून मात्र काहीच वेगळे नाही, ही या विषयातील खरी अडचण आहे.

किंबहुना चेंडूत काहीच वेगळे असू नये यासाठीच तो बनवणाऱ्यांची सारी खटपट चाललेली असते. १९७७ पासून मेजर लीगला चेंडू पुरवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीचे चेंडू कोस्टारिकातील तुरियाल्बा या गावी शिवले जातात. बुचाचा गाभा, त्यावर रबराची दोन आवरणे, त्यावर तीन थरांत लोकरीचे आणि अखेरीस सुती मिश्र धाग्याचे मिळून सुमारे ३३७ मीटर लांबीचे वेष्टन, आणि त्यावर गाईच्या कातड्याचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन तुकडे. हे तुकडे लाल मेणधाग्याने १०८ दुहेरी टाके घालून हाताने शिवतात. वजन १४२ ते १४९ ग्रॅम आणि घेर २२.९ ते २३.५ सेंटिमीटर या मर्यादेतच असावे लागते. म्हणजे आपल्या ओळखीच्या सीझन बॉलपेक्षा तो किंचित मोठा, पण वजनाने हलका असतो. लाकडावर आपटल्यावर चेंडू मूळ वेगाच्या किती पट वेगाने परततो, त्याचेही प्रमाण ०.५१४ ते ०.५७८ असे बांधून दिलेले आहे.

क्रिकेटमध्ये एकच चेंडू ऐंशी षटके झिजत राहतो आणि त्याच्या झिजण्यावरच निम्मा खेळ उभा असतो. बेसबॉलमध्ये नेमके उलटे आहे. १९२० मध्ये क्लीव्हलँडचा फलंदाज रे चॅपमन याच्या डोक्याला पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, टाकलेला चेंडू लागून त्याचा मृत्यू झाला. मळलेला, काळपट चेंडू संधिप्रकाशात नीट दिसत नाही, हे त्या काळी उघड होते. त्या घटनेनंतर मळका चेंडू लगेच बदलण्याची शिस्त लागली. आज चेंडू जमिनीला घासला की अंपायर तो बाजूला काढतो, त्यामुळे एकेका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू लागतात आणि एका चेंडूचे मैदानावरचे आयुष्य काही मिनिटांचे असते. संग्राहकांना मिळणारा माल विपुल असतो तो यामुळेच. त्याच कारणाने प्रत्येक चेंडूवर उमटलेल्या खुणा मात्र तुटपुंज्या असतात.

तरीही या खुणा वाचण्यासारख्या असतात. सामन्यातला चेंडू कधीच पांढराशुभ्र नसतो. नव्या कातड्याची चकाकी घालवण्यासाठी खेळाआधी त्याला चिखल चोळतात. हा चिखल न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका उपप्रवाहाकाठून येतो आणि नेमकी जागा गुप्त ठेवली जाते. लेना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने १९३८ मध्ये तो शोधला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये या चिखलाचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. घासताना तो एखाद्या क्रीमसारखा पसरतो, कातड्यातील सूक्ष्म छिद्रे त्यातील बारीक मातीने बुजतात आणि पृष्ठभागाचा चिकटपणा वाढतो. विरळ विखुरलेले वाळूचे कण त्या थरात पक्के बसून बोटांना पॉलिश पेपरसारखी पकड देतात. भिंगाखाली असा चेंडू धरला, तर टाक्यांच्या कडेने साचलेली फिकट तपकिरी रेघ दिसते, छापील मजकूर किंचित दबलेला असतो, आणि बॅट लागलेली असल्यास एखाद्या अंगाला बॅटच्या रंगाचा काळा डाग किंवा डांबरट चिकटा उमटलेला असतो. बॅट आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही, पण तेवढ्या वेळात चेंडू दिसण्याइतका चेपला जातो आणि बॅटवरचा रंग कातड्याच्या रंध्रांत दाबला जातो.

ज्या चेंडूला चिखल नाही, तो सामन्यात वापरलेला नाही, असे म्हणायला हरकत नाही. पण ज्याला चिखल आहे आणि डागही आहे, तो त्याच सामन्यातला आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. कारण चिखल विकत मिळतो आणि डाग घरच्या अंगणातही पाडता येतो. दाव्याला खोटे ठरवण्याचे काम भौतिक पुरावा चोख करतो, खरे ठरवण्याचे काम मात्र त्याला एकट्याने जमत नाही. हा भेद न ओळखल्यामुळे हौशी संग्राहक बहुतेक वेळा फसतात, असे मला वाटते.

जुन्या चेंडूंबाबत तर हे खोटे ठरवण्याचे तंत्र फार रंजक झाले आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात आणि धाग्यात घालतात ती प्रकाशवर्धक रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. ही रसायने अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून १९२०च्या दशकातला म्हणून दाखवलेल्या चेंडूचा धागा अंधारात अतिनील दिव्याखाली निळा चमकू लागला, तर पुढची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. शाईचेही तसेच. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात ऑक्टोबर १९४५ मध्ये आले, आणि जुन्या काळचा नामवंत बेसबॉलपटू लू गेरिग जून १९४१ मध्ये वारला. तेव्हा बॉलपेनने केलेली गेरिगची स्वाक्षरी कितीही सुबक असली तरी ती गेरिगची नाही. पूर्वी अधिकृत चेंडूवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाचे नाव छापलेले असे. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे विल हॅरिज १९३१ मध्ये अध्यक्ष झाले. त्यामुळे त्यांच्या नावाच्या चेंडूने त्या काळचा विख्यात फलंदाज बेब रूथने १९२७ मध्ये होमरन मारला असे कोणी सांगू लागला, तर त्याला पंचांग दाखवावे.

परंतु काल रात्रीच्या सामन्यातला चेंडू यांपैकी कोणत्याही कसोटीवर सापडणार नाही. तेथे मेजर लीगने जो मार्ग निवडला, तो प्रयोगशाळेतला नसून पोलीस ठाण्यातला आहे, आणि मला तोच शास्त्रीयदृष्ट्या अधिक प्रामाणिक वाटतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेला चाकू न्यायालयात तोच चाकू म्हणून उभा राहतो, तो त्याच्या पोलादामुळे नव्हे. तो कोणी उचलला, कोणासमोर सील केला, कोणाकडून कोणाच्या ताब्यात गेला याची नोंद अखंड असते म्हणून. प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला किमान एक प्रमाणीकरण अधिकारी बसलेला असतो, आणि हे अधिकारी सेवेतील किंवा निवृत्त पोलीस आणि तपास खात्यांतील लोक असतात. चेंडू खेळातून बाद झाला की तो त्यांच्या हाती येतो. कोणती इनिंग, कोणता पिचर, कोणता फलंदाज, काय घडले, हे ते लगेच नोंदवतात आणि चेंडूवर क्रमांक असलेले होलोग्रामचे लेबल चिकटवतात. पुढे तो क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही नोंद पाहता येते.

होलोग्रामच का, याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. साधे छायाचित्र एखाद्या जागेवरून किती प्रकाश आला एवढेच टिपते. होलोग्राम प्रकाशलहरी कोणत्या टप्प्यावर होत्या हेही साठवतो. डेनिस गाबोर यांनी ही कल्पना १९४७ मध्ये मांडली, लेसर आल्यावर ती व्यवहारात उतरली आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लेबलवरच्या होलोग्रामात धातूचा मुलामा दिलेल्या पातळ पटलावर अतिसूक्ष्म चऱ्या उमटवलेल्या असतात. त्यांवरून प्रकाशाचे विवर्तन होते आणि लेबल हलवताच रंग व चित्र बदलते. झेरॉक्स यंत्र एकाच कोनातून पाहते, त्यामुळे त्याच्या प्रतीत हा खेळ येत नाही. दुसरी खबरदारी गोंदाची आहे. लेबल सोलायला गेल्यास त्याचे थर एकसंध निघत नाहीत, ते फाटतात; म्हणून फुटकळ चेंडूवरचे लेबल काढून भारी चेंडूवर लावता येत नाही.

यात गेल्या काही वर्षांत एक मोठी भर पडली आहे. आपल्याकडे पायचीतच्या निर्णयासाठी जी हॉकआय यंत्रणा ओळखीची झाली, तिचेच बारा कॅमेरे २०२० पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर चेंडूचा माग काढतात. पिचरच्या हातून सुटलेल्या प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी, तसेच बॅटवरून निघतानाचा वेग आणि कोन यांची नोंद होते. त्यामुळे होलोग्रामच्या क्रमांकामागे आज नुसते ‘वापरलेला चेंडू’ असे मोघम वर्णन राहत नाही, तर नेमकी एक चेंडूफेक सांगता येते. अशी नोंद वाचताना कातड्यावरचा तो काळा डाग अचानक बोलू लागतो, हे मान्य करावे लागेल.

कुंपणापलीकडे गेलेला चेंडू मात्र या सगळ्या व्यवस्थेच्या हातून निसटतो. प्रेक्षकांत पडलेल्या चेंडूवर दहा हात पडतात, कोणी खाली वाकतो, कोणाच्या खिशात आधीच दुसरा चेंडू असू शकतो. अधिकाऱ्याची नजर तुटली की नोंदही तुटते. म्हणून मोठा विक्रम जवळ आला की चेंडूला आधीच गुपचूप ओळख दिली जाते. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर एका हंगामातील सर्वाधिक होमरनच्या विक्रमाकडे झेपावत असताना त्याला टाकायच्या चेंडूंवर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शाईच्या खुणा केल्या होत्या. त्याचा सत्तरावा होमरन असलेला चेंडू पुढे सुमारे ३० लाख डॉलरांना विकला गेला. २०२२ मध्ये एरन जज अमेरिकन लीगच्या अशाच विक्रमापाशी पोहोचला, तेव्हाही तो फलंदाजीला आला की खुणा केलेले चेंडू अंपायरकडे दिले जात. त्याचा एकसष्टावा होमरन टोरांटोत प्रतिस्पर्धी संघाच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या बंदिस्त जागेत, पडला आणि तंटा न होता त्याच्या आईच्या हाती पोहोचला. बासष्टावा ४ ऑक्टोबर रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे प्रेक्षकांत गेला, आणि खुणेमुळे त्याची ओळख पटली. तो १५ लाख डॉलरांना गेला.

ओळख पटली तरी मालकी ठरतेच असे नाही. बॅरी बाँड्सने ७ ऑक्टोबर २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे मारलेला त्र्याहत्तरावा होमरन एका प्रेक्षकाच्या हातमोज्यात शिरला, तेवढ्यात गर्दीने त्याला खाली पाडले आणि चेंडू दुसऱ्याने उचलला. हाच तो चेंडू, याबद्दल दोघांचाही वाद नव्हता. पहिल्याला झेल पुरा करण्याची संधी गर्दीने नाकारली आणि दुसऱ्याने काही गैर केले नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी डिसेंबर २००२ मध्ये चेंडू विकून रक्कम निम्मी-निम्मी वाटण्याचा निकाल दिला. चेंडूला आले साडेचार लाख डॉलर.

बहुतेक सामन्यांत असे काही घडत नाही. खुणा केलेले चेंडू नसतात, विक्रम नसतो. एखादा फटका तिरका उडून वरच्या गॅलरीत जातो आणि कोणीतरी तो झेलतो. इनिंग संपल्यावर तो माणूस चेंडू घेऊन अधिकाऱ्यापाशी आला, झेल घेतानाचा फोटोही त्याने दाखवला आणि कातड्यावर चिखल, डाग, दबलेली अक्षरे सगळे जागच्या जागी असले, तरी त्याला लेबल मिळत नाही.