कान तागालोग, जीभ इंग्रजी

जन्माला येऊन पाच दिवसही न झालेली बाळं. प्रत्येकाच्या तोंडात एक चोखणी, आणि चोखणीला दाब मोजणारं यंत्र जोडलेलं. बाळानं जोरात चोखलं की स्पीकरमधून बोलणं ऐकू येई: एक मिनिट इंग्रजी, पुढचं मिनिट तागालोग ही फिलिपिन्समधली भाषा, मग पुन्हा इंग्रजी. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. वाक्यांतले शब्द त्यांनी मुद्दाम पुसट केले होते. उरले होते फक्त चढउतार आणि ठेका. गरोदरपणात केवळ इंग्रजी बोललेल्या आयांची बाळं इंग्रजी लागली की जास्त चोखत. इंग्रजी आणि तागालोग दोन्ही बोललेल्या आयांची बाळं मात्र दोन्ही भाषांना सारखाच प्रतिसाद देत. त्यांना फरक कळत नव्हता म्हणून नव्हे. पुढच्या चाचणीत दिसलं की दोन भाषा वेगळ्या आहेत हे त्यांनाही ओळखता येत होतं.

परदेशात वाढलेली फिलिपिनो मुलं विशी-तिशीत तागालोग शिकायला बसतात, तेव्हा ‘मला काहीच येत नाही’ असं म्हणून सुरुवात करतात. हे खरं नाही. त्यांच्या कानावर ही भाषा जन्माच्या आधीपासून पडत आलेली असते आणि कानानं आपलं काम चोख केलेलं असतं. राहिलेलं असतं ते जिभेचं आणि व्याकरणाचं काम. म्हणूनच कोऱ्या पाटीवर शिकणाऱ्यासाठी बनवलेला अभ्यासक्रम त्यांना नीट बसत नाही.

कानाचं काम किती बारीक असतं ते एका आवाजावरून पाहू. तागालोगमध्ये शब्दाची सुरुवात ङ या अनुनासिकानंही होते: ङायोन म्हणजे आत्ता, ङिती म्हणजे हसू. आपल्याला हा ङ ‘वाङ्मय’मध्ये भेटतो, पण शब्दाच्या सुरुवातीला नाही. इंग्रजीतही तो आरंभी येत नाही. ‘ना’ आणि ‘ङा’ यांतला फरक इतका सूक्ष्म आहे की फिलिपिनो घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनाही तो कळत नाही. दहा ते बारा महिन्यांची झाल्यावर मात्र कळतो. इंग्रजी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना तो तेव्हाही कळत नाही. म्हणजे ही जाण कोणी जन्मतः घेऊन येत नाही, ती जवळजवळ वर्षभराच्या ऐकण्यातून घडते.

पण ऐकणं सगळं देत नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००२ साली टेरी आऊ आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी तपासले. लहानपणी घरात स्पॅनिश नुसती ऐकलेल्यांचे उच्चार नवशिक्यांपेक्षा स्पष्टपणे सरस निघाले, व्याकरणात मात्र दोघे एकाच पातळीवर होते. पुढच्या अभ्यासात, बालपणी ती भाषा थोडीफार बोललेल्यांना व्याकरणातही फायदा झालेला दिसला. स्पॅनिशचा हा निष्कर्ष तागालोगच्या बाबतीत जास्तच जाणवतो, कारण तागालोगचा सगळा भार क्रियापदावर आहे.

घरात मुलं बोलली का नाहीत, याचा दोष एकट्या आईबापांवर टाकणं अन्यायाचं आहे. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या अमेरिकी जहाजातून सुमारे ५०० शिक्षक मनिलात उतरले आणि इंग्रजी ही शाळेची भाषा झाली. पुढच्या पिढ्यांनी इंग्रजी म्हणजे नोकरी हे समीकरण गिरवलं. परदेशी गेल्यावर ‘घरात इंग्रजीच बोला, नाहीतर मुलाचा गोंधळ होईल’ असा सल्ला मिळाला आणि पुष्कळांनी तो भक्तिभावानं पाळला. दोन भाषांनी मूल गोंधळतं हा समज चुकीचा आहे. वरची पाच दिवसांची बाळंही गोंधळलेली नव्हती.

आणखी एक कारण आहे, आणि शिकायला बसण्याआधी ते तपासलंच पाहिजे. घरची भाषा तागालोगच होती का? फिलिपिन्समध्ये दीडशेहून जास्त भाषा आहेत. १९३७ साली राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोग निवडली गेली. आज तिचं प्रमाणित रूप ‘फिलिपिनो’ या नावानं राष्ट्रभाषा आहे. पण १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत इलोकानो बोलणारे फार मोठ्या संख्येनं होते. वडील इलोकानो आणि आई सेबुआनो असेल तर दोघांची घरातली समाईक भाषा बहुधा इंग्रजीच होते. ओळखायची सोपी खूण अशी: ‘काय’ला आजी काय म्हणायची? आनो म्हणत असेल तर तागालोग (हिलिगायनोन आणि बिकोलमध्येही आनोच), उन्सा म्हणत असेल तर सेबुआनो, आनिया म्हणत असेल तर इलोकानो. सारखे दिसणारे शब्द फसवतात. तागालोगमध्ये ‘लाङ्गाम’ म्हणजे मुंगी, सेबुआनोत तोच शब्द पक्ष्यासाठी. तागालोगमध्ये ‘साआन’ म्हणजे कुठे, इलोकानोत तोच नकार. ज्या भाषेत आजीनं अंगाई म्हटली तीच शिकायची असेल, तर तागालोगचा वर्ग लावून मन भरणार नाही.

तागालोगच असेल, तर आधी उच्चार साफ करावेत. इथे कान मदतीला असल्यामुळे काम लवकर होतं. इंग्रजीत वाढलेली जीभ शब्दाच्या सुरुवातीच्या प, त, क ला हवेचा झोत जोडते. मराठी कानाला तो फ, थ, ख कडे झुकलेला वाटतो. तागालोगला आपल्यासारखेच कोरडे प, त, क हवेत, आणि त दातांना जीभ लावून. बाबांसाठीचा ‘ताताय’ इंग्रजी जिभेवर ‘ठाठाय’च्या जवळ जातो. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरून ‘पेरा’ (पैसे) म्हणावं. पट्टी हलली तर हवा जास्त जातेय. दुसरी अडचण घशाची. काही शब्दांच्या शेवटी घसा क्षणभर बंद होतो, खोकण्याआधी होतो तसा. ‘बाता’ नुसतं म्हटलं तर घरात घालायचा झगा, शेवटी घसा बंद केला तर लहान मूल. आघात बदलला तरी अर्थ बदलतो: ‘बुकास’मध्ये बु वर जोर दिला तर उद्या, का वर दिला तर उघडं. छापील मजकुरात या खुणा बहुधा नसतात, म्हणून नवा शब्द पुस्तकातून न उचलता कानानं उचलावा.

आता क्रियापद. खरी कसोटी इथे आहे. घरात मुलांना उद्देशून आलेली क्रियापदं बहुतांशी हुकूम असतात, आणि घाईच्या हुकमात नुसता धातू पुरतो: काइन (जेव), लिगो (अंघोळ कर), तुलोग (झोप). त्यामुळे मोठेपणी तोंडातून निघतं ‘गुस्तो को काइन’. हवं असतं ‘गुस्तो कोङ् कुमाइन’, मला जेवायचंय.

धातूत बदल कसा होतो ते ‘बिली’ (विकत घेणं) वर पाहू. पहिल्या व्यंजनानंतर ‘उम’ घुसवला की ‘बुमिली’, घेतलं. पहिलं अक्षर दुप्पट करून मग ‘उम’ घातला की ‘बुमिबिली’, घेतोय. नुसतं अक्षर दुप्पट केलं की ‘बिबिली’, घेणार. इथे काळापेक्षा महत्त्वाचं आहे ते क्रिया पुरी झाली, चालू आहे की अजून व्हायची आहे. तिन्ही रूपं मुलांनी हजारदा ऐकलेली असतात, त्यामुळे नियम एकदा दाखवला की चेहरा उजळतो.

घोटाळा होतो तो ‘माग’ या दुसऱ्या उपसर्गामुळे. इंग्रजी शब्द घुसवायला तो सोयीचा आहे, ‘माग-शॉपिंग’, ‘माग-ड्राइव्ह’ असं सर्रास बोललं जातं. मग शिकणारा सगळ्याच धातूंना माग लावत सुटतो. पण ‘बुमिली’ म्हणजे विकत घेणं आणि ‘मागबिली’ म्हणजे विकणं! कुठला धातू कुठला प्रत्यय घेतो याला सरधोपट नियम नाही. धातू प्रत्ययासकट पाठ करावा, मराठी शिकणारा लिंगासकट नाम पाठ करतो तसा.

त्याहून मोठा डोंगर पुढे आहे. तागालोग क्रियापद वाक्यातल्या एकाच नामाकडे बोट दाखवतं, आणि त्या नामापुढे ‘आङ्’ येतो (माणसाच्या नावापुढे ‘सी’). ‘कुमाइन आको नाङ् माङ्गा’ म्हणजे मी आंबा खाल्ला, कुठलासा एक. ‘किनाइन को आङ् माङ्गा’ म्हणजे तो आंबा मी खाल्ला. दुसऱ्या वाक्यात ‘इन’ घुसला आणि क्रियापदाचं बोट कर्त्यावरून आंब्याकडे वळलं. इंग्रजीत वाढलेल्याला हे फार जड जातं. मराठी वाचकाला ‘मुलानं आंबा खाल्ला, मुलानं चिंच खाल्ली’ आठवेल. आपलंही भूतकाळी क्रियापद मुलाकडे न पाहता आंब्याकडे, चिंचेकडे पाहतं. ‘किनाइन नाङ् बाता आङ् माङ्गा’ हे शब्दशः ‘खाल्ला मुलानं आंबा’ असं बसतं. नातं काही नाही, साम्य योगायोगाचं, पण कल्पना यायला पुरेसं. तागालोग याही पुढे जाते. ‘बिनिल्हान को सी नानाय नाङ् सापातोस’, म्हणजे आईला मी बूट घेतले. इथे क्रियापदाचं बोट थेट आईकडे आहे.

परदेशात वाढलेला तरुण प्रत्येक वाक्य पहिल्या, कर्त्याकडे पाहणाऱ्या साच्यात बसवतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण बोलणं सतत तिरकं वाटतं. उपाय एकच: तीस धातू निवडावेत, रोजच्या वापरातले (काइन, इनोम, बिली, लुतो, कुहा, बासा, सुलात अशा जातीचे), आणि प्रत्येकाची कर्त्याकडे पाहणारी तीन व कर्माकडे पाहणारी तीन रूपं वाक्यात म्हणावीत. तक्ते लिहून उपयोग नाही. प्रश्नोत्तरात म्हणावं: ‘आनो आङ् किनाइन मो?’, काय खाल्लंस? असा प्रश्न आपोआप कर्माचंच रूप मागतो. एका दिवसाला एकच धातू, वीस मिनिटं.

सर्वनामांतली एक चूक मात्र माणसं दुखावते. तागालोगमध्ये ‘तायो’ म्हणजे आपण आणि ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. त्यामुळे दारात आलेल्या पाहुण्याला हा तरुण प्रेमानं सांगतो, ‘काकाइन ना कामी’. पाहुण्याला ऐकू येतं: आम्ही आता जेवणार (तू नाहीस). म्हणायचं असतं ‘काइन तायो’, चला जेवू. मराठी माणसाला ही चूक समजावून सांगावी लागत नाही.

आदरार्थी बोलण्यात कानाचीच अडचण होते. मुलाला सगळे ‘का’ म्हणजे तू म्हणत आले. मुलाच्या वाट्याला वरून खाली येणारी भाषा आली, खालून वर जाणारी ऐकायला थोडी मिळाली. त्यामुळे ते आजीलाही ‘का’ म्हणतं आणि वाक्यात ‘पो’ घालायचं विसरतं. ‘पो’ला मराठीत नेमका शब्द नाही, ‘अहो’ आणि ‘जी’ यांच्या मधलं काहीतरी. वडीलधाऱ्यांशी ‘कायो’ (तुम्ही) आणि ‘पो’ ही जोडी सवयीची होईपर्यंत मुद्दाम घोटावी.

ओढ मोठी असली की पुष्कळांचं पहिलं पाऊल बायबायिनकडे पडतं, दंडावर नाव गोंदवून घेण्याकडे. ही जुनी लिपी ब्राह्मीच्या कुळातली. प्रत्येक अक्षरात आपल्या क, ख सारखा अ अंगचाच असतो, आणि वर किंवा खाली टिंब दिलं की स्वर बदलतो. जुन्या पद्धतीत स्वर नसलेलं व्यंजन लिहीतच नसत, ‘बुंदोक’ (डोंगर) लिहायचा ‘बुदो’. अशा व्यंजनासाठी क्रॉसची खूण १६२० साली एका स्पॅनिश पाद्र्यानं आणली. संगणकाच्या फाँटमध्ये रोमन अक्षरं एकेक करून टंकली तर अंगचा अ धरून ‘बाता’चं ‘बाआताआ’ होतं, आणि तेच कातडीवर कायमचं राहतं. गोंदवण्याआधी लिपी जाणणाऱ्याला दाखवावं. लिपी दोन दिवसांत येते, भाषा नाही.

भाषेला किती वेळ? अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था नवशिक्या अधिकाऱ्यासाठी तागालोगला सुमारे ४४ आठवडे, ११०० तास धरते. घरात ऐकत वाढलेल्याला सुरुवातीचं पुष्कळ माफ असतं. नेमकं म्हणूनच तो मिश्र वर्गात अडकतो: पहिले काही आठवडे अभिवादनं आणि आकडे यांनी कंटाळतो, क्रियापदं आली की अचानक मागे पडतो, आणि ‘घरचा असून येत नाही?’ या नजरेनं वर्ग सोडतो.

ती नजर हा सगळ्यात मोठा अडथळा आहे. अडखळत बोलणाऱ्याला ‘बुलोल’ म्हणतात, बोबडा. काका-मावश्या प्रेमानंच हसतात, पण हसलं की मूल इंग्रजीकडे वळतं, आणि न बोलल्यानं जीभ पुन्हा मागे. म्हणून घरातल्यांनी ठरवावं: रोज पंधरा मिनिटं कोणी हसायचं नाही, मोठ्यांनी इंग्रजीकडे वळायचं नाही, आणि चूक सांगण्याऐवजी बरोबर वाक्य सहज पुन्हा म्हणायचं. मूल म्हणालं ‘गुस्तो को काइन’, तर आजीनं म्हणावं, ‘आ, गुस्तो मोङ् कुमाइन?’ आठवड्यातून एकदा आजीला एखादी गोष्ट सांगायला लावावी, आंबट सिनिगांग कसं करायचं किंवा गावची जत्रा कशी असे, आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करावं. त्यातली दहा वाक्यं ऐकून लिहावीत. न कळलेलं क्रियापद धातूपर्यंत सोलून पाहावं.

अशा लिहिण्यात सगळ्यात शेवटी हाती लागतात ते वाक्यात दुसऱ्या जागी चिकटून येणारे इवलेसे शब्द. मोठी माणसं ते इतक्या झपाट्यानं म्हणतात की कानही सोडून देतो. ‘दाव’ किंवा ‘राव’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. ‘ना’ म्हणजे एव्हाना. त्यांचा क्रम ठरलेला असतो, आधी ना, मग राव, मग पो, आणि दोन अक्षरी सर्वनाम सगळ्यांच्या मागे. बाहेर वाढलेला नातू सांगतो, ‘साबी निला उमुवी सिया’: त्यांनी सांगितलं, तो घरी गेला. आजी तेच सांगते, ‘उमुवी ना राव सिया.’ गेला म्हणे घरी.