जिरॅनिऑल

जिरॅनिऑल : गुलाबाची आठवण करून देणारा गोडसर वास असलेले, मोनोटर्पीन वर्गातील एक अल्कोहॉल. रोशा गवत, जावा सिट्रोनेला, जिरेनियम आणि गुलाब यांच्या बाष्पशील तेलांचा हा महत्त्वाचा घटक आहे. रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असून रेणुभार १५४.२५ आहे. नाव जिरेनियमवरून पडले असले, तरी शुद्ध रूपात ते पहिल्यांदा हाती आले ते भारतातून गेलेल्या गवताच्या तेलातून. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी ते वेगळे केले. खऱ्या जिरेनियम तेलाच्या मानाने हे तेल निम्म्या किमतीत मिळत होते.

गुणधर्म : रंगहीन ते फिकट पिवळा, किंचित तेलकट द्रव. घनता २०° से. ला सुमारे ०.८८९, वक्रीभवनांक १.४७६ च्या आसपास, उकळबिंदू सुमारे २३०° से. पाण्यात अगदी थोडे विरघळते. अल्कोहॉल, ईथर आणि खाद्यतेलांत सहज मिसळते. रेणूत असममित कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन) नसल्यामुळे शुद्ध जिरॅनिऑल ध्रुवित प्रकाश वळवत नाही. हा मुद्दा कामाचा आहे. ‘शुद्ध’ म्हणून आलेला नमुना ध्रुवणमापीत प्रकाश वळवू लागला, तर त्यात सिट्रोनेलॉल किंवा लिमोनीनसारखे काहीतरी मिसळलेले आहे हे लगेच कळते.

या रेणूत दोन द्विबंध आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनमधल्या द्विबंधाची मांडणी उलटी झाली की नेरॉल बनते. त्याचा वास अधिक ताजा आणि हलका असतो. तोच द्विबंध हायड्रोजनने भरला की सिट्रोनेलॉल मिळते आणि टोकाच्या अल्कोहॉलचे ऑक्सिडीकरण झाले की जिरॅनियल, म्हणजे गवती चहाच्या वासातील सिट्रलचा अर्धा भाग. ही मंडळी निसर्गातही एकत्रच राहतात, त्यामुळे बाजारातल्या जिरॅनिऑलच्या बाटलीत ती कमीअधिक प्रमाणात असतातच. ६० टक्क्यांच्या व्यापारी प्रतीत उरलेला भाग प्रामुख्याने नेरॉल आणि सिट्रोनेलॉलचा असतो. साबणासाठी ती चालते, संशोधनासाठी मात्र अजिबात नाही. अनेक शोधनिबंधांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे प्रतीची ही गफलत हे एक साधे कारण असते.

आम्लाशी जिरॅनिऑलचे पटत नाही. आम्लधर्मी माध्यमात त्याचे लिनॅलूल आणि आल्फा-टर्पिनिऑल यांत रूपांतर होते. फरशी-संडासाच्या आम्लयुक्त क्लीनरमध्ये घातलेला गुलाबी वास काही आठवड्यांत पाइनकडे झुकतो तो यामुळेच. नेरॉलचे वलय मिटून आल्फा-टर्पिनिऑल बनण्याची क्रिया तर याहून कितीतरी वेगाने होते.

रोशा गवत : जिरॅनिऑलचा सर्वांत श्रीमंत नैसर्गिक स्रोत म्हणजे रोशा किंवा तिखाडी, शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. खानदेश आणि त्याला लागून असलेल्या निमाडच्या माळरानांवर आणि सातपुड्याच्या उतारांवर ते आपोआप उगवते. याचे दोन प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, उघड्या, निचऱ्याच्या जमिनीवर येतो आणि पामरोझा तेल देतो. त्यात साधारण ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल आणि त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट (जिरॅनिऑलचे एस्टर) असते. सोफिया ओलसर जागी दाट वाढतो. त्याच्या जिंजरग्रास तेलात जिरॅनिऑल बरेच कमी आणि पेरिलिल अल्कोहॉलसारखे घटक जास्त. दिसायला दोघे इतके सारखे की रानातून कापलेल्या गवतात सरमिसळ हमखास होते. तेलाची प्रत पडल्यावर भट्टीला दोष दिला जातो, पण गोंधळ कापणीतच झालेला असतो. लखनऊच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, तृष्णा, तृप्ता आणि पीआरसी-१ यांसारखे वाण दिल्यापासून लागवडीच्या तेलात ही अडचण कमी झाली.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथे त्याला डिंकाच्या पाण्याने आणि लिंबाच्या रसाने धुऊन, उन्हात ठेवून उग्रपणा घालवत आणि मग ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरत. भेसळ अनेकदा गुलाब गाळायच्या आधीच, पाकळ्यांवर तेल शिंपडून केली जाई. युरोपात ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाने जे विकले जाई, ते मुळात हेच गवताचे तेल.

तेल काढणे : गवत फुलोऱ्यावर आले की कापतात. तेल सर्वांत जास्त फुलोऱ्यात, त्याखालोखाल पानांत असते, दांड्यात नगण्य. म्हणून जमिनीपासून वीतभर वर कापावे, नाहीतर टाकीत नुसता दांड्यांचा भरणा होतो. कापलेले गवत सावलीत दिवसभर सुकू दिले तर पाणी घटते, टाकीत माल जास्त बसतो आणि इंधन वाचते. ढीग करून ठेवले तर मात्र आतून तापते आणि तेलाला कुजकट वास येतो. ताज्या गवतातून वजनाच्या सुमारे ०.३ ते ०.५ टक्के तेल मिळते, म्हणजे टनामागे ३ ते ५ किलो.

टाकीत गवत सारखे दाबून भरावे लागते. एका बाजूला पोकळी राहिली की वाफ तिथूनच वर जाते आणि उरलेला माल कोरा राहतो. ऊर्ध्वपातन साधारण अडीच ते तीन तास चालते. लिनॅलूलसारखे हलके घटक आधी येतात, जिरॅनिऑल त्यामागून. घाईने आटोपले तर तेल कमी पडते आणि त्यातला जिरॅनिऑलचा वाटाही घसरतो. जुन्या भट्ट्यांत गवत थेट पाण्यात उकळत. त्यात जिरॅनिल ॲसिटेटचे काही प्रमाणात विघटन होते आणि तळ लागला तर करपट वास कायमचा बसतो. वाफ बाहेरच्या बॉयलरमधून आणावी, हे उत्तम. कंडेन्सरमधून येणारे पाणी कोमट असेल तर तेल हवेत उडते आणि पाण्यातही अधिक विरघळते. अल्कोहॉल असल्यामुळे जिरॅनिऑल टर्पीन हायड्रोकार्बनांपेक्षा पाण्यात जास्त राहते, त्यामुळे गाळलेले पाणी फेकून देणे हा शुद्ध तोटा आहे. ते बॉयलरमध्ये परत सोडावे. वर तरंगलेले तेल काढून निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवतात आणि गाळून भरतात.

शुद्धीकरण : उद्योगात निर्वाताखाली अंशात्मक ऊर्ध्वपातन करतात. प्रयोगशाळेतील जुनी आणि अजूनही देखणी रीत कॅल्शियम क्लोराइडची आहे. निर्जल कॅल्शियम क्लोराइडची बारीक पूड आणि तेल समभाग घेऊन, ओल लागू न देता, रात्रभर शून्याखाली ठेवतात. जिरॅनिऑल आणि कॅल्शियम क्लोराइड यांचे स्फटिकी संयुग बनून सगळे घट्ट होते. ते कोरड्या पेट्रोलियम ईथरमध्ये वाटून, गाळून, धुतले की नेरॉल आणि हायड्रोकार्बने निघून जातात. उरलेल्या घनावर पाणी घातले की शुद्ध जिरॅनिऑल वर येते. फसण्याची कारणे दोनच : पूड हवेतली ओल पिऊन बसलेली असते, किंवा तेलात जिरॅनिऑल इतके कमी असते की स्फटिक धरतच नाहीत.

आज बाजारातील बरेचसे जिरॅनिऑल गवताचे नसते. टर्पेंटाइनमधील बीटा-पायनीन तापवून मिर्सीन आणि त्यातून जिरॅनिऑल, किंवा सिट्रलचे हायड्रोजनीकरण, अशा वाटांनी ते तयार होते. नाक सरावलेले असेल तर पामरोझातून काढलेल्या जिरॅनिऑलचा वास लगेच ओळखू येतो, कारण त्याबरोबर सूक्ष्म प्रमाणात इतर घटक येतात.

परीक्षण : जुन्या पद्धतीत तेलाचे ॲसिटिक ॲनहायड्राइडने ॲसिटिलीकरण करून, मग अल्कधर्मी विघटनातून ‘एकूण अल्कोहॉल, जिरॅनिऑल म्हणून’ असा आकडा काढतात. अजूनही काही सौद्यांत तो चालतो. पण सिट्रोनेलॉल, नेरॉल सगळे याच आकड्यात मोजले जाते, त्यामुळे भेसळ यात दिसत नाही. खात्री हवी तर वायू-वर्णलेखन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत जीसी. इथेही सापळा आहे. अध्रुवीय स्तंभावर जिरॅनिऑलचा रिटेन्शन इंडेक्स (स्तंभातून बाहेर पडण्याच्या वेळेवरून काढलेला अंक) १२५० च्या थोडा वर येतो आणि ते वेगळे दिसते; नेरॉल आणि सिट्रोनेलॉल मात्र १२२८ च्या आसपास एकमेकांवर बसतात. मेणासारख्या ध्रुवीय स्तंभावर तिघे नीट सुटतात : आधी सिट्रोनेलॉल, मग नेरॉल, शेवटी जिरॅनिऑल. वस्तुमान-वर्णपटावर एकट्याने विसंबू नये. जिरॅनिऑल आणि नेरॉल दोघांचेही ठळक शिखर वस्तुमान ६९ वरच येते आणि १५४ चे मूळ रेणूचे शिखर क्षीण असते. ग्रंथालयाशी ‘९५ टक्के जुळले’ म्हणून संगणक जे नाव छापतो, ते स्तंभावरच्या वेळेशी ताडून पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

सजीवांतील स्थान : वनस्पतींत जिरॅनिल डायफॉस्फेटपासून जिरॅनिऑल सिंथेज या विकराने (एन्झाइमाने) ते बनते. गुलाबाचा मार्ग निराळा निघाला. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले की गुलाबात एनयूडीएक्स-१ हा वेगळ्याच कुळातला विकर फॉस्फेटचा एक तुकडा तोडतो. सदाफुलीत जिरॅनिऑल हा थांबा आहे, मुक्काम नव्हे : त्याच्या ८ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवून पुढे सेकोलोगॅनिन आणि अखेर कर्करोगावरची व्हिनब्लास्टीन, व्हिनक्रिस्टीन ही द्रव्ये घडतात. दार्जिलिंग चहाच्या फुलासारख्या वासातही जिरॅनिऑलचा मोठा हात आहे. पानात ते साखरेशी बांधलेले असते आणि पान चुरगाळले गेल्यावर विकर त्याला मोकळे करतात.

मधमाशीच्या कामकरी माश्या पोटाच्या टोकाजवळची नासानॉव्ह ग्रंथी उघडी करून, पंखांनी वारा घालत सोबतिणींना बोलावतात. त्या गंधात जिरॅनिऑल हा मुख्य घटक असल्याचे १९६२ मध्ये बॉख आणि शिअरर यांनी दाखवले. मोहोळ पकडण्याच्या आमिषांत म्हणूनच ते सिट्रलबरोबर घालतात.

संशोधनातील उपयोग : सदाफुलीतील औषधी द्रव्यांचा मार्ग किण्वात (यीस्टमध्ये) उभा करायचा तर आधी जिरॅनिऑल साठवावे लागते. किण्व ते निमूटपणे ठेवून घेत नाही. ओवायई-२ विकर त्याचे सिट्रोनेलॉल करतो, एटीएफ-१ त्याचे ॲसिटेट करतो आणि साठलेले जिरॅनिऑल पेशीलाच मारक ठरते. त्यामुळे या विकरांची जनुके निकामी करणे आणि माध्यमावर आयसोप्रोपिल मिरिस्टेटचा थर देऊन जिरॅनिऑल त्यात शोषून घेणे, असे दोन्ही उपाय करतात.

जिवाणूंवरील अभ्यासात २००९ मधील एक निष्कर्ष विशेष गाजला : अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ग्रॅम-ऋण जिवाणूंत जिरॅनिऑलमुळे औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांचे काम मंदावते आणि प्रतिजैविक पुन्हा लागू पडते. आतड्याच्या कर्करोगाच्या कॅको-२ पेशींची वाढ ते रोखते, हेही बशीतील प्रयोगांत दिसले. मात्र तिथली मात्रा ४०० मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ६२ मायक्रोग्रॅम, इतकी मोठी असते. एवढी पातळी रक्तात टिकवणे अवघड आहे, तेव्हा ‘गुलाबाचे तेल कर्करोगावर’ असे मथळे दुर्लक्षिण्याच्याच लायकीचे.

शेतीत ते खरोखर वापरात आले आहे. यूजेनॉल, थायमॉल आणि जिरॅनिऑल यांचे किण्वाच्या पोकळ कवचात भरलेले मिश्रण युरोपात द्राक्षांच्या करड्या बुरशीवर फवारतात. कवच नसेल तर तेल पानावरून लगेच उडून जाते. डासांना दूर ठेवणाऱ्या क्रीममध्येही हाच अडसर : परिणाम आहे, टिकाव नाही.

प्रयोगातील काळजी : १०० मिलिमोलर साठा द्रावणासाठी डायमिथिल सल्फॉक्साइडच्या प्रत्येक मिलिलिटरला १५.४ मिलिग्रॅम जिरॅनिऑल घ्यावे. हजारपट विरल केल्यावर १०० मायक्रोमोलर मिळते आणि द्रावक ०.१ टक्क्यावर राहतो. नुसत्या द्रावकाचा नियंत्रण-नमुना (तुलनेसाठीचा, जिरॅनिऑल नसलेला) लावणे बंधनकारक समजावे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये जिरॅनिऑलची वाफ शेजारच्या खाचांत जाते आणि तिथल्या नियंत्रण-नमुन्यातील पेशीही मरतात. म्हणून प्लेट सीलबंद करावी आणि नियंत्रण लांबच्या रांगेत, शक्यतो वेगळ्या प्लेटवर ठेवावे. पॉलिस्टायरीन जिरॅनिऑल शोषते, तेव्हा साठा काचेतच हवा. पाण्यात ढवळून केलेले ‘द्रावण’ हे खरे तर थेंबांचे दूध असते. काही मिनिटांत ते वर येते आणि पिपेटने घेतलेली प्रत्येक मात्रा वेगळी पडते.

सुरक्षितता : उंदरांत तोंडावाटे निम्मी मारक मात्रा किलोमागे सुमारे ३.६ ग्रॅम, म्हणजे विषारीपणा कमी. खरा प्रश्न त्वचेच्या ॲलर्जीचा आहे. हवेत उघडे राहिले की जिरॅनिऑलपासून जिरॅनियल, नेरल, इपॉक्साइडे आणि हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि हीच द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. स्वीडनमधील पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्टी लावून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत) शुद्ध जिरॅनिऑलपेक्षा ऑक्सिडीकृत नमुन्याला जास्त रुग्णांनी प्रतिक्रिया दिली. चर्मरोगतज्ज्ञांच्या ‘फ्रॅग्रन्स मिक्स-१’ मधील आठ घटकांपैकी ते एक असून प्रत्येकाचे प्रमाण १ टक्का असते. युरोपीय महासंघात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याहून जास्त असल्यास त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते. न पातळ केलेला द्रव डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो.

साठवण गडद काचेच्या, तोंडापर्यंत भरलेल्या लहान बाटल्यांत, थंड जागी करावी. अर्धी रिकामी मोठी बाटली सर्वांत वाईट. गुलाबी वासात लिंबाची झाक येऊ लागली की जिरॅनियल तयार झाले आहे असे समजून नमुना जीसीवर पुन्हा तपासावा.