एएफसी भारी की एनएफसी? साठ वर्षांच्या वादाची मुळं

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असं लोळवलं आणि ५९ सुपर बोलनंतर लीगच्या दोन बाजूंचा हिशोब एनएफसी ३०, एएफसी २९ असा झाला. त्याआधी वर्षभर तो २९-२९ होता. इतक्या वर्षांनी दोन बाजू अशा बरोबरीला आल्या असतील तर ‘कोण भारी’ हा वाद थंडावायला हवा होता. थंडावत नाही, कारण ही बरोबरी वर्षाआड जिंकत-हरत आलेली नाही. आधी एका बाजूने दशकभर धुतलं, मग दुसरीने त्याहून जास्त काळ. प्रत्येक पिढीने आपल्या तरुणपणी जे पाहिलं तेच तिला कायमचं सत्य वाटतं.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. सोळा अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एएफसीत, आणि सोळा नॅशनलमध्ये, म्हणजे एनएफसीत. दोन्हीकडचे विजेते सुपर बोलमध्ये समोरासमोर येतात. नवख्या माणसाला ही विभागणी पूर्व-पश्चिम अशी वाटते, पण नकाशाशी तिचा फारसा संबंध नाही. न्यू यॉर्कचे जायंट्स एनएफसीत आणि जेट्स एएफसीत. दोघांचं घरचं मैदान न्यू जर्सीत, तेही एकच. त्या भागातल्या मराठी घरात बाप जायंट्सचा आणि मुलगी जेट्सची असली तर दोघांनी एकाच पार्किंगमध्ये गाडी लावायची! ही रेघ कुठून आली हे समजायला १९५९ मध्ये जावं लागतं.

डल्लासच्या एका गडगंज तेल-घराण्यातला लमार हंट हा तरुण एनएफएलमध्ये संघ मिळावा म्हणून खटपट करत होता. शिकागो कार्डिनल्स विकत घ्यायचा त्याचा प्रयत्न फसला. मग त्याने आपल्यासारखेच दारात अडवलेले पैसेवाले गोळा केले आणि अमेरिकन फुटबॉल लीग, एएफएल, काढली. १९६० मध्ये आठ संघांनी खेळ सुरू केला. हे मालक स्वतःलाच ‘मूर्खांचा क्लब’ म्हणवून घेत. एनएफएलने उत्तर म्हणून त्याच वर्षी डल्लासमध्ये काऊबॉईज हा नवा संघ उभा केला. हंटच्या डल्लास टेक्सन्सने १९६२ चं एएफएल विजेतेपद मिळवलं, तरी एका शहरात दोन संघ परवडेनात. १९६३ मध्ये तो संघ कॅन्सस सिटीला गेला आणि चीफ्स झाला.

जुन्या लीगने नव्याला हसण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९४६ ते १९४९ या काळात आणखी एक प्रतिस्पर्धी लीग चालली होती. ती मोडली तेव्हा क्लीव्हलँड ब्राऊन्ससह तिचे तीन संघ एनएफएलने पोटात घेतले. ब्राऊन्स मोठ्यांच्या पंगतीत टिकणार नाहीत असं सगळे म्हणत होते. १९५० च्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या ईगल्सना ३५-१० असं हरवलं आणि वर्षाअखेर एनएफएलचं विजेतेपदही नेलं. हा धडा दहाच वर्षांत विसरला गेला.

एएफएल जगली ती टीव्हीच्या पैशावर. प्रक्षेपणाचं उत्पन्न सगळ्या संघांनी समान वाटून घ्यायचं हे तिने पहिल्या दिवसापासून ठरवलं. एनएफएलला ते नंतर सुचलं. १९६४ मध्ये एनबीसी वाहिनीने पाच वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर मोजले आणि खेळाडूंच्या पळवापळवीला जोर आला. जेट्सने जो नेमथ या अलाबामा विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूला, ४ लाख २७ हजार डॉलरना करारबद्ध केलं, तेव्हा एनएफएलच्या मालकांचे डोळे पांढरे झाले. दोन्हीकडची तिजोरी अशी गळायला लागल्यावर ८ जून १९६६ रोजी तह जाहीर झाला: नव्या खेळाडूंची निवड एकत्र, वर्षाअखेर दोन विजेत्यांचा सामना, आणि १९७० पासून एकच लीग. शिवाय एएफएलच्या संघांनी वीस वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायची. ज्याने भरपाई द्यायची तो धाकटा, हे त्यात आपोआप आलं.

माझ्या मते ‘कोण भारी’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढची चारच वर्षं जिवंत होता. तेव्हा दोन लीग वेगळ्या होत्या आणि दोघींनी दशकभर स्वतंत्रपणे संघ बांधले होते. एएफएल जास्त लांबचे पास फेके, आणि एनएफएलचे संघ जिथे क्वचित फिरकत त्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून खेळाडू शोधून आणी. जानेवारी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला सामना झाला तेव्हा चेंडूसुद्धा दोन होते. ज्याचं आक्रमण त्याच्या लीगचा चेंडू. मैदानातल्या जवळपास एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतराला ग्रीन बे पॅकर्स १४-१० असे जेमतेम पुढे होते, शेवटी ३५-१० ने जिंकले. चीफ्स हे एनएफएलच्या चांगल्या संघांच्या तोडीचे नाहीत, असं पॅकर्सचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी पत्रकारांनी फार खोदल्यावर सांगून टाकलं. पुढच्या वर्षी ओकलंड रेडर्सची गतही तीच झाली, ३३-१४.

मग आला १२ जानेवारी १९६९. नियमित हंगामात चौदापैकी तेरा सामने जिंकून आणि एनएफएलच्या अंतिम सामन्यात ब्राऊन्सना ३४-० असं साफ करून बाल्टिमोर कोल्ट्स मायामीत उतरले होते. सट्टेबाजांनी त्यांना जेट्सच्या जवळपास १८ गुण वर धरलं होतं. तीन दिवस आधी नेमथने एका समारंभात विजयाची हमी देऊन टाकली आणि लोक हसले. जेट्स १६-७ ने जिंकले. नेमथच्या एकाही पासवर टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण, झाला नाही. मॅट स्नेलची धाव, जिम टर्नरचे तीन फील्ड गोल (किक मारून खांबांमधून घातलेले) आणि कोल्ट्सच्या हातून वारंवार निसटलेला चेंडू यांनी काम केलं. जेट्सचे प्रशिक्षक वीब युबँक यांनीच १९५८ आणि १९५९ मध्ये कोल्ट्सना एनएफएल विजेते केलं होतं, ही त्यातली गंमत. वर्षभराने चीफ्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना २३-७ ने हरवलं आणि हिशोब २-२ झाला. दोन लीगमधला वाद इथे बरोबरीत संपला.

त्यानंतर जे उरलं ते मालकांच्या बैठकीतलं वाटप. एनएफएलचे सोळा आणि एएफएलचे दहा संघ होते. दोन्ही कॉन्फरन्समध्ये तेरा-तेरा हवेत, म्हणून एनएफएलमधल्या तिघांनी पलीकडे जायचं होतं. कोणी तयार होईना. अखेर प्रत्येकी ३० लाख डॉलर घेऊन कोल्ट्स, ब्राऊन्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स एएफसीत गेले. उरलेल्या एनएफसीत गट कसे पाडायचे यावर तर महिनोन्‌महिने भांडण चाललं. शेवटी जानेवारी १९७० मध्ये पाच पर्याय चिठ्ठ्यांवर लिहून फुलदाणीत टाकले आणि लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या सचिवाने एक चिठ्ठी उचलली. टेक्सासातलं डल्लास पूर्व गटात आणि जॉर्जियातलं अटलांटा पश्चिम गटात गेलं ते त्या चिठ्ठीमुळे. जायंट्स, ईगल्स, वॉशिंग्टन आणि काऊबॉईज यांचा जो ‘एनएफसी ईस्ट’ गट पुढे सगळ्यांत दणकट म्हणून गाजला, तो असा जन्माला आला.

नव्या रचनेतला पहिला सुपर बोल कोल्ट्स आणि काऊबॉईज यांच्यात झाला. दोघेही मूळचे एनएफएलचे! कोल्ट्स १६-१३ ने जिंकले आणि विजय एएफसीच्या खात्यात पडला. १९७० ते १९८० या अकरा हंगामांत एएफसीने नऊ सुपर बोल जिंकले, एनएफसीचे दोन तेवढे काऊबॉईजने वाचवले. त्या नऊपैकी चार स्टीलर्सचे आणि एक कोल्ट्सचा, म्हणजे निम्म्याहून जास्त तीस लाख घेऊन आलेल्यांचे. मायामी डॉल्फिन्सने १९७२ चा अख्खा हंगाम न हरता १७-० असा पार पाडला, त्यांचे प्रशिक्षक डॉन शुला १९६९ साली नेमथकडून हरलेल्या कोल्ट्सचेच. एएफसीचं सुवर्णयुग बऱ्याच अंशी एनएफएलच्या माणसांनी घडवलं, हे त्या काळच्या फुशारकीत कोणी बोललं नसणार.

मग वारं उलटं फिरलं. १९८४ ते १९९६ या तेरा हंगामांत एनएफसीने सलग तेरा सुपर बोल जिंकले. नुसते जिंकले नाहीत, चिरडलं: बेअर्स ४६-१०, वॉशिंग्टन ४२-१०, फोर्टी नायनर्स ५५-१०, काऊबॉईज ५२-१७. आज पन्नाशी-साठीत असलेला चाहता ‘एएफसी म्हणजे दुय्यम’ असं बोलतो ते या आठवणीवर. कोडं असं की गुणवत्ता उघड एएफसीकडे गेली होती. १९८३ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले, जॉन एल्वे, जिम केली, डॅन मरिनो यांच्यासह, आणि सहाही जणांना एएफसीच्या संघांनी घेतलं. या तेरा पराभवांपैकी नऊ वेळा हरणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक त्या सहांपैकीच कोणी तरी होता.

समोर होते प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी आखूड, मोजूनमापून दिलेल्या पासांवर बांधलेले फोर्टी नायनर्स. जो गिब्स यांच्या वॉशिंग्टनची ती अवजड आघाडीची फळी. जायंट्सचा बचावपटू लॉरेन्स टेलर. एकमेकांशी वारंवार भिडून या संघांना मारामारीची सवय झाली होती, असं स्पष्टीकरण देतात. मला ते अर्धंच पटतं. त्या तेरा विजयांची वाटणी पाहा: फोर्टी नायनर्स ४, काऊबॉईज ३, जायंट्स २, वॉशिंग्टन २, बेअर्स आणि पॅकर्स एकेक. त्याच एनएफसीत टॅम्पा बे बक्केनियर्सचे १९८३ पासून सलग चौदा हंगाम पराभवाचे गेले. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा रणजी जिंकल्या म्हणून कोणी पश्चिम विभागातल्या गुजरातला दादा म्हटलं नाही. गुजरातची पहिली रणजी २०१६-१७ ची. योगायोगाचाही वाटा मोठा. जानेवारी १९९१ मध्ये बफेलो बिल्सच्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ ने वाचले. ती आत गेली असती तर ‘सलग तेरा’ची साखळी सहावरच तुटली असती.

बाजारात मात्र एनएफसीचा भाव खरोखरच वर होता, आणि त्याचं मूळही १९६० मध्येच. जुन्या लीगने मोठी शहरं आधीच धरली होती: शिकागो, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. १९९३ च्या अखेरीस नव्या फॉक्स वाहिनीने चार वर्षांसाठी सुमारे १५८ कोटी डॉलर ओतून एनएफसीचे हक्क सीबीएसकडून हिसकावले. १९५६ पासून एनएफएल दाखवणारी सीबीएस हात चोळत बसली आणि १९९८ मध्ये एएफसी घेऊन परतली. तोवर खेळाचा पायाही बदलला होता. १९९३ पासून खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा आली. तीन-चार बलाढ्य संघ वर्षानुवर्षं राखून ठेवणं अवघड झालं. जानेवारी १९९८ मध्ये एल्वेच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजने पॅकर्सना ३१-२४ ने हरवून ती साखळी तोडली.

पगारमर्यादेच्या जमान्यात एकच गोष्ट संघाला दहा-पंधरा वर्षं टिकवते, ती म्हणजे चांगला क्वार्टरबॅक. २००३ ते २०१८ या सोळा हंगामांत एएफसीकडून सुपर बोलमध्ये उतरलेला क्वार्टरबॅक, २०१२ चा जो फ्लॅको सोडला तर, टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग किंवा बेन रॉथलिसबर्गर या तिघांपैकीच होता. तेव्हा एएफसी भारी असं सगळे म्हणत, आणि नियमित हंगामातल्या आपसातल्या सामन्यांतून ते दिसतही होतं. हे सामने वर्षाला ६४ असत, २०२१ पासून ८० झाले. कॉन्फरन्सची ताकद मोजायची तर एका रविवारच्या सुपर बोलपेक्षा हेच माप बरं. २००४ मध्ये एएफसीने ६४ पैकी ४४ जिंकले होते. तरी त्या हंगामाचा सुपर बोल एएफसीच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ईगल्सविरुद्ध तीनच गुणांनी, २४-२१ असा काढला. तीन वर्षांनी तोवर अठराच्या अठरा सामने जिंकलेल्या पेट्रियट्सना जायंट्सने १७-१४ ने गाठलं. २०१० मध्ये सिॲटल सीहॉक्स सोळापैकी नऊ सामने हरूनही गटविजेते ठरले आणि एनएफसीची टिंगल झाली. त्या हंगामाचा सुपर बोल एनएफसीच्याच पॅकर्सनी जिंकला. हे सीहॉक्स २००१ पर्यंत एएफसीत होते. कागदावर एक ओळ बदलली आणि पलीकडे गेले.

२०२० मध्ये तर एका माणसाने बाजू बदलली. ब्रेडी पेट्रियट्स सोडून टॅम्पा बेला, म्हणजे एनएफसीत गेला आणि त्याच हंगामात चीफ्सना ३१-९ ने हरवून मोकळा झाला. सध्या पॅट्रिक महोम्स, जॉश ॲलन, लमार जॅक्सन, जो बरो हे सगळे एएफसीत आहेत. म्हणून एएफसी बलाढ्य म्हणावी, तर त्याचा सगळ्यांत मोठा फटका एएफसीतल्याच संघांना बसतो. बफेलो बिल्स नव्वदच्या दशकात सलग चार सुपर बोल हरले, चारही एनएफसीकडून. ॲलनच्या काळात २०२४ च्या हंगामापर्यंत ते सुपर बोलला पोचलेलेच नाहीत. बाद फेरीत चार वेळा त्यांना घरी पाठवलं ते त्यांच्याच कॉन्फरन्समधल्या चीफ्सनी.