म्युझियममधलं विमान आणि त्याच्याबद्दल बोलणारा माणूस : थोडी पार्श्वभूमी

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. योगायोग असा की ८ ऑक्टोबर हाच आपल्या हवाई दलाचा स्थापना दिवस, साल १९३२. तेव्हापासून पनवेल, उलवे, खारघर, बेलापूरकडे विमानांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, आता इथे विमानांचं एक म्युझियम पण व्हायला पाहिजे. माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण म्युझियम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लॉनवर उभं केलेलं जुनं मिग, खाली चौथरा, समोर पाटी आणि सेल्फी काढणारी पोरं एवढंच येतं, आणि ते पुरेसं नाही. जगातली चांगली विमान म्युझियमं जिवंत राहिली ती तिथल्या कार्यक्रमांमुळे, लष्करी इतिहासाच्या व्याख्यानांमुळे, शाळांच्या भेटींमुळे, निवृत्त पायलट आणि मेकॅनिक लोक विमानाशेजारी उभे राहून बोलतात त्यामुळे. ही पद्धत कशी आली आणि आपल्याकडे ती नीट का रुजली नाही, ते लिहितोय.

ब्रिटनपासून सुरू करू. लंडनचं इम्पिरियल वॉर म्युझियम १९१७ ला स्थापन झालं, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, म्हणजे लढाई संपायच्या आत तिच्या आठवणी गोळा करायला घेतल्या होत्या. त्यांच्याकडे पुढे मोठ्या वस्तू इतक्या झाल्या की ठेवायला जागा पुरेना, म्हणून १९७० च्या दशकात केंब्रिजजवळचं डक्सफर्डचं बंद पडलेलं हवाई तळ वापरात घेतलं. हे साधंसुधं तळ नव्हे, १९३८ ला स्पिटफायर लढाऊ विमानं पहिल्यांदा स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, सेवेत आली ती इथेच. हवाई दलाने १९६१ मध्ये ते सोडल्यावर धावपट्टी आणि हँगर नुसते पडून होते. मग आसपासच्या हौशी लोकांनी विमानं दुरुस्त करायला घेतली, सुट्टीच्या दिवशी येऊन पत्रे ठोकायचे, इंजिनं उघडायची, आणि १९७३ पासून तिथे हवाई कसरतींचे कार्यक्रमही सुरू झाले. विमान बघायला आलेली माणसं दुरुस्ती करणाऱ्यांशी बोलायला लागली, त्यातले कित्येक स्वतः युद्धात होते, म्हणजे व्याख्यानं तिथे कोणी ठरवून आणली नाहीत, आधी गप्पा होत्या. साधारण त्याच सुमारास, १९७२ ला, त्याच म्युझियमने सैनिकांच्या आवाजातल्या आठवणी टेप करून ठेवायला वेगळा विभाग काढला. मला तरी विमानं जपण्याइतकंच हे काम मोठं वाटतं.

अमेरिकेत याला मोहल्ल्याच्या जत्रेचं रूप आलं. हँगरमध्ये सकाळचा नाश्ता, कॉकपिट उघडून मुलांना आत बसवायचा दिवस, १९४० च्या दशकातल्या गाण्यांवर हँगरमध्येच नाच, तिकिटाचे पैसे विमानाच्या दुरुस्तीला. हौशी वैमानिकांच्या संघटनेने १९९२ पासून ८ ते १७ वयाच्या मुलांना फुकट विमानात फिरवायचा उपक्रम चालू केला, आजवर वीस लाखांवर मुलं त्यातून उडून आलीत. तिकडे हे जमतं कारण छोट्या धावपट्ट्या आणि खासगी छोटी विमानं गावोगाव आहेत. आपल्याकडे ते तसंच्या तसं होणार नाही, पण व्याख्यान आणि उघडं कॉकपिट एवढं तर सहज होऊ शकतं.

आता भारताकडे. दिल्लीच्या पालमचं हवाई दलाचं म्युझियम १९६७ चं. तिथे वापिटी विमान आहे, हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिटींवर उभी राहिली, त्या जातीचं जगात शिल्लक राहिलेलं बहुधा एकमेव. लिबरेटर बॉम्बरची गोष्ट तर प्रत्येक शाळेत सांगायला हवी अशी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमानं मोडून टाकली होती, परत कोणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून. एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, तिच्या लोकांनी ती एकेक करून उडण्यालायक केली, टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगलोरला उडवत न्यायचे, तिथे पूर्ण दुरुस्ती व्हायची. अशी ४० च्या वर विमानं उभी राहिली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली! तोपर्यंत बाकी जगात बहुतेक लिबरेटर भंगारात गेली होती, त्यामुळे ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या म्युझियमनी भारताकडे मागणी केली. कॅनडाने बदल्यात लायसँडर जातीचं विमान दिलं, ते आज पालमला आहे. म्हणजे लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये कोणी लिबरेटरसमोर उभं राहून व्याख्यान ऐकत असेल तर ते विमान कानपूर-बंगलोरच्या कामगारांच्या हातून गेलेलं आहे. किती लोकांना माहितीये हे आपल्याकडे?

गोव्याला बोगमाळोला नौदलाचं विमान म्युझियम आहे, १९९८ पासून. ठाण्याहून, पनवेलहून मांडवी पकडून गोव्याला जाणारे एवढे लोक, पण दाबोळीच्या जवळच असलेलं हे म्युझियम बघणारे फार कमी. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर ही नौदलाची विमानं आणि एअर इंडियाकडून हवाई दलात आणि मग नौदलात गेलेलं सुपर कॉन्स्टेलेशन, सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं.

आणि मुंबईची स्वतःची गोष्ट म्हणजे विक्रांत, नौदलाची विमानवाहू युद्धनौका. १९६१ ला सेवेत आली, १९९७ ला निवृत्त झाली, २००१ पासून म्युझियम म्हणून लोकांना बघायला मिळाली, विमानांसकट. २०१२ मध्ये धोकादायक झाली म्हणून बंद केली, नंतर लिलाव, कोर्टकचेऱ्या, आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतच दारूखान्याला, जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडायला सुरुवात. तिचं थोडं पोलाद पुढे मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेलं. मला याचं खरंच वाईट वाटतं. एवढी जिवंत जागा दहा-अकरा वर्षं दारात होती, तेव्हा १९७१ चे कितीतरी खलाशी आणि पायलट साठीच्या आसपास होते, धडधाकट होते, दर महिन्याला डेकवर एकाला बोलवून मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत ऐकायला हवं होतं. कारण पाटीवर काय असतं, तर ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरच्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. पाटीवर हे नसतं की तेव्हा जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता, पूर्ण वेगाने पळवता येत नव्हतं, आणि बंगालच्या उपसागरात त्या दिवसांत वाराही मंद असतो. विमानवाहू जहाजावरून विमान सुटायचं तर समोरून वारा लागतो, जहाज पळवून तो तयार करावा लागतो, म्हणून जड अलिझे उडवणं हा रोज नव्याने हिशोब मांडायचा विषय होता. हे ऐकल्यावर शाळेतल्या मुलाला फिजिक्स आणि इतिहास दोन्ही एका झटक्यात कळतं.

ठाणे-नवी मुंबईत याला जमीन तयार आहे असं मी म्हणतो त्याला कारणं आहेत. ठाण्यात कोलशेतला आणि येऊरला हवाई दलाची स्टेशनं वर्षानुवर्षं आहेत, खारघरला जलवायू विहार आहे, म्हणजे नौदल-हवाई दलातली निवृत्त माणसं आपल्या शेजारीच राहतात. जे.के. ग्रामच्या रेमंडचे विजयपत सिंघानिया २००५ मध्ये गरम हवेच्या फुग्यातून २१,००० मीटरवर गेले होते, ते लष्करी नाही पण ठाण्याच्या हवाई इतिहासात येतंच. आणि ऐकणाऱ्यांची सवय तर फारच जुनी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, नौपाड्यात जानेवारीच्या थंडीत म्हाळगी व्याख्यानमालेला लोक स्वेटर घालून मैदानात बसतात. कोणी निवृत्त अधिकारी कारगिलवर बोलणार असला की खुर्च्या कमी पडतात, प्रश्नोत्तरं संपत नाहीत. फक्त आपल्याकडे व्याख्यान एकीकडे होतं आणि वस्तू दुसरीकडे असते. कल्याणला दुर्गाडीजवळ नौदलाची टी-८० ही निवृत्त बोट आणलीये, तिच्यासारख्या जागेवर बोलणं आणि बघणं एकत्र आणता येईल, म्युझियम होईपर्यंत थांबायची गरज नाही.

घाई एवढ्यासाठी की १९७१ ला जो बावीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मिग-२१ पण २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, १९६३ पासूनची सेवा. हे विमान नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात वर्षानुवर्षं बनलं, तिथे रिव्हेट मारणारे, वायरिंग करणारे, इंजिन बसवणारे कितीतरी जण आपले मराठी, आणि त्यातल्या अनेकांची मुलं नोकरीसाठी ठाणे-मुंबईकडे आलीत, म्हणजे आईवडीलही इकडे येऊन-जाऊन असतात. पायलटना निदान पुरस्कार मिळतात, मुलाखती होतात, पण कुठला नट किती आवळायचा, पहाटे चारला थंडीत इंजिन कसं चालू करायचं, परत आलेल्या विमानाच्या पंखावरचं भोक कसं बुजवायचं हे ज्यांना माहिती त्यांना कोणी स्टेजवर बोलवत नाही. परदेशातल्या म्युझियममध्ये सगळ्यात जास्त गर्दी मला अशाच माणसांभोवती दिसलीये, व्हिडिओत का असेना. कोणी ठाण्यात किंवा नवी मुंबईत असा कार्यक्रम करायला घेतला तर एक करा, फोनवर का होईना पण पूर्ण रेकॉर्डिंग ठेवा, प्रश्नांसकट, आणि पहिलं व्याख्यान ओझरच्या एखाद्या निवृत्त फिटरचं ठेवा, पायलटचं दुसरं.