ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन ओढताना: परवाना, कागदपत्रे आणि वजनाचा हिशेब

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये मोटारीचा, म्हणजे ‘बी’ वर्गाचा, पूर्ण परवाना असलेल्या व्यक्तीस १६ डिसेंबर २०२१ पासून ३,५०० किलोपर्यंत कमाल अनुज्ञेय वजनाचा (सामानासह) ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे बिनइंजिनाचे वाहन, ओढता येतो. कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेले चाकांवरचे घर, हाही एक ट्रेलरच. त्यासाठी वेगळा अर्ज वा चाचणी नाही. ‘बीई’, म्हणजे मोटारीमागे ट्रेलर ओढण्याच्या, वर्गाची नोंद परवान्याचे पुढचे कार्ड मिळताना आपोआप होते. भारतीय परवाना मात्र तेथे बदलून मिळत नाही, त्यामुळे स्थायिक होणाऱ्याने बारा महिन्यांच्या आत ब्रिटिश चाचणी उत्तीर्ण व्हावी.

परवान्यावरचा हा आकडा चालकापुरता आहे, गाडीपुरता नव्हे, आणि बहुतेकांची गल्लत येथेच होते. गाडीची मर्यादा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेल्या लहानशा पट्टीवर कोरलेली असते. तिच्या पहिल्या ओळीत भरलेल्या गाडीचे, तर दुसऱ्या ओळीत गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन असते. समजा हे आकडे २,१०० आणि ३,७०० किलो आहेत, तर पूर्ण भरलेल्या गाडीमागे जास्तीत जास्त १,६०० किलो उरतात. दुसरा आकडाच नसेल, तर ती गाडी ओढण्याच्या कामी वापरू नये. शिवाय नवशिक्या चालकाने भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे तेथील कॅरॅव्हॅन क्लब सुचवतात. हा कायदा नाही, पण मी तो कायद्याइतकाच मानावा असे म्हणेन. रिकामी गाडी १,५०० किलोची असेल, तर ही मर्यादा १,२७५ किलोवर येते.

टो बारवर, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे बसवलेल्या दांडीवर, पडणारा भार, म्हणजे नोजवेट, साधारणतः कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. वरील १,२७५ किलोच्या उदाहरणात तो ६४ ते ८९ किलो होतो. परंतु टो बारची मर्यादा ७५ किलो असेल, तर ७५ वरच थांबावे लागते. यासाठी जड सामान चाकांच्या आसाजवळ, जमिनीलगत ठेवावे.

कॅरॅव्हॅनला स्वतंत्र रोड टॅक्स नाही. परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विम्याची कागदपत्रे आणि कॅरॅव्हॅनची माहितीपुस्तिका जवळ असावी. ओढताना विमा लागू राहतो का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. कॅरॅव्हॅनच्या मागे गाडीचाच नोंदणी क्रमांक लावावा लागतो, आणि कॅरॅव्हॅन गाडीहून रुंद असल्यास बाजूला वाढीव आरसे लावावे लागतात.

चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. त्यावर गॅस सिलिंडर, तंबू आणि तांदळाची पोती आली, म्हणून पहिल्या प्रवासापूर्वी भरलेली कॅरॅव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर घेऊन जावी.